रस्त्यापलीकडची क्षमा

एम.ए.च्या पहिल्या वर्षी मला एक तत्त्वज्ञ भेटला, म्हणजे पुस्तकात, आणि मी अक्षरशः वेडी झाले. युरोपातला हा माणूस मित्रांना जमवून एकाच गोष्टीवर वाद घालायचा: तुमचं वाक्य खरं असेल तर जगात काय दिसेल ते सांगा. काहीच फरक पडत नसेल, तर त्या वाक्याला अर्थ नाही! पुढे हुकूमशाही आली, देश सुटला, पण परक्या मुलखातही तो समोरच्याला शांतपणे विचारत राहिला, ‘म्हणजे नेमकं काय म्हणायचंय तुम्हाला?’ हा शांतपणा काही मला जमला नाही.

सुट्टीत कळंबला आले की घरात कुणी तोंड उघडायची सोय नव्हती. आई म्हणाली, नजर लागली. मी म्हणाले, तपासायची कशी? टीव्हीवरच्या ज्योतिष्याला तर मी जेवता जेवता सोलून काढायचे.

त्यात संवत्सरी झाली. आम्ही मूळचे राजस्थानचे जैन, आता पुरते इथलेच. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी आमच्यात लहानमोठे सगळे हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात; वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा मागतात. पप्पांनी किराणा दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या फुलांचं चित्र असलेला मेसेज सगळ्या ग्रुपवर टाकला आणि समाधानानं चष्मा पुसला.

“आणि काकांना?” मी विचारलं.

“फॅमिली ग्रुपवर आहे की तो. पोचला.”

काकांचं पेंडीचं दुकान समोरच, रस्त्यापलीकडे. दिवाळीत भर गर्दीत पप्पा त्यांना म्हणाले होते, ‘तुला धंद्यातलं काही कळत नाही.’ तेव्हापासून दोघे भाऊ समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत नव्हते. मला माझे काका परत हवे होते. लहानपणी माझे सगळे ‘का?’ त्यांनीच ऐकून घेतले होते, आणि आता ते आमच्या दारावरून मान खाली घालून जायचे.

मी पप्पांपुढे उभी राहिले. “तुम्ही काकांची क्षमा मागितली, हे खरं असेल तर काय दिसायला हवं?”

“म्हणजे?”

“कालच्यात आणि आजच्यात काहीतरी फरक पडायला हवा ना! दाखवा बरं. काका तसेच बसलेत, तुम्ही तसेच बसलाय. मग त्या मेसेजला अर्थच नाही!”

महाळुंगे पडवळचे एक शेतकरी बाबा तेलाचा डबा घ्यायला आले होते. ते हसले. “शेठ, पोरगी लई नेमकं इचारती राव.”

पप्पांचे कान लाल झाले. “तुझं पुस्तक ठेव बाजूला,” ते म्हणाले. संपलं, आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. तर ते गादीवरून उतरले. चपला घालायचंही त्यांना सुचलं नाही. एक एसटी जाऊ दिली आणि तसेच रस्ता ओलांडून निघाले. मी मागे धावले. माझ्यामागे बाबा, डबा तिथेच!

काकांकडे गिऱ्हाइकांची गर्दी होती. पप्पा दारातच थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “दिवाळीत मी चारचौघांत म्हणालो, तुला धंद्यातलं कळत नाही. ते खोटं होतं. माझी निम्मी गिऱ्हाइकं तूच जोडून दिलीस. माझं चुकलं.”

मला ओरडावंसं वाटत होतं, आनंदानं की भीतीनं कोण जाणे. काका काट्याजवळ पोत्याला हात लावून उभे होते. तो हात तसाच राहिला.

“दादा, एवढं बोलायला दुसरी दिवाळी आणलीस?” ते म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले.

रांगेतली एक बाई म्हणाली, “रडा भाऊ, रडा निवांत. पर म्हशी उपाशी हायेत आमच्या.”

पप्पांनी बाह्या वर सारल्या आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं. “कुठं ठेवू?” त्यांनी विचारलं. काकांनी नुसतं बोट दाखवलं, आणि दोघांनी मिळून पोतं उचललं.