कागदावरचा हप्ता

जालन्याच्या एका जिनिंगमध्ये मी बारा वर्षं हजेरी कारकून होतो. घरी जाऊन अंघोळ केली तरी कानामागं रुई सापडायची. किश्श्यांचंही तसंच, झटकले तरी चिकटून राहतात. हसायचं तर हसा. मला मात्र आता सगळ्याच किश्श्यांवर हसू येत न्हाई.

* * *

निजामाचं राज्य होतं, लढाईचे दिवस. शनिवारी हप्ता, म्हंजे आठवड्याची मजुरी, वाटला जायचा. फाटकासमोर उस्मानचाचांची भज्यांची भट्टी. पण ते बेसन आधी भिजवायचेच न्हाईत!

मी विचारलं, तर म्हणाले, "ठैरो बाबू, पहिल्या चार बाया भाईर येऊ द्या. पैसे मोजत चालल्या तर पावशेर बेसन. न मोजता हसत चालल्या तर दोन शेर!"

पुढं पुढं तर बाजारातला कापडवालाही चाचांची परात बघून मंग ठाण उघडायचा!

* * *

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. दोन पाळ्या झाल्या, हप्ता दीडपट आला. धावडा गावाकडची सरूबाई जिनवर कापूस टाकायची. नवरा गेलेला, दोन लेकरं. त्या दिवशी तिनं सगळ्या बायांना भजी चारली.

"आज मी शेठाणी!"

आमचे मारवाडी शेठजी तिथंच उभे. म्हणाले, "मंग सरूबाई, माझा हप्ता?"

"शनवारी या. रांगेत उभं ऱ्हावा!"

शेठजी पोट धरून हसले. असा हप्ता पुन्हा आला न्हाई.

* * *

नेमके पुढच्याच आठवड्यात हैदराबादहून एक साहेब आल्ते. मजुरांची आठवड्याची कमाई लिहून घ्यायची होती. म्हणाले, "मजदूर की कमाई रियासत की नब्ज़ होती है." नब्ज़ म्हंजे नाडी.

शेठजी माझ्या कानाशी लागले. "मागचाच हप्ता दाखवा. वर सरकारात आपलं जिन बरं दिसलं पाहिजे."

मी तोच दाखवला.

साहेबांनी मिस्तरीची मोठी कमाई आणि बायांची लहान कमाई एकत्र करून सरासरी काढली. हणमंता हमाल जवळच रुईची गाठ ढकलत होता. तो म्हणाला, "साहेब, मिस्तरीचे पैसे माझ्यात बराबर मिळवले ना? मंग माझा वाटा आजच द्या की!"

सगळे हसले. साहेबही हसले. आकडा तसाच राहिला.

* * *

मग साहेबांनी त्या आकड्याला बावन्ननं गुणलं! आमचा हंगाम जेमतेम पाच महिन्यांचा, पुढं जिनला कुलूप.

मागं मिस्तरी पुटपुटला, "बावन्न हप्ते बोंडं देणारी पऱ्हाटी कोणाच्या रानात हाय?"

साहेबांनी मला विचारलं, "क्या बोला?"

शेठजी माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "जी, कुछ नहीं. पानी माँग रहा है."

साहेब भला माणूस. त्यांनी स्वतःच्या सुरईतलं पाणी ओतून दिलं. मिस्तरीनं माझ्यावरची नजर न काढता पेला रिकामा केला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

* * *

ज्वारी महाग झाली. मजुरांनी महागाई भत्त्याचा अर्ज केला. लिहिला मीच. उत्तर आलं ते उर्दूत, म्हणून अंगणात मीच वाचून दाखवलं. सरकारी कागदांप्रमाणं इथल्या मजुरांची कमाई पुरेशी आहे, भत्त्याची गरज न्हाई. खाली आकडा होता. माझाच.

मला वाटलं, आता अंगावर येतील. कोणी हललं न्हाई. हणमंता तेवढा म्हणाला, "बापूराव, आकडा पुन्हा वाचा. ऐकायला लई गोड लागतो!"

* * *

हंगामाचा शेवटचा हप्ता होता. खिडकीपाशी सरूबाई आली. बोटाला चिंधी बांधलेली, गाल बसलेले. धाकट्याला आईकडं धाडलं होतं, तिथं निदान भाकर मिळायची.

पैसे तिच्या हातावर ठेवले आणि मला राहवलं न्हाई. "सरूबाई, तो आकडा मी दिल्ता. तुझ्या नावासमोर तो मोठा हप्ता मीच दाखवला."

तिनं पैसे पदरात बांधले. गाठ दोनदा ओढली. चिडली न्हाई, रडली न्हाई.

"बापूदादा," ती म्हणाली, "ती कागदावरली सरू कुठं ऱ्हाती, तेवढं सांगा. पायलीभर ज्वारी उसनी मागायची व्हती!"