पटक्यावरून घेतलेलं माप

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग सांगतो. भांडगावात हायवेला माझं सीट कव्हरचं दुकान. ट्रक म्हणू नका, नवरदेवाची गाडी म्हणू नका, आजवर माझ्या मापाला कुणी नाव ठेवलं नाही. तो मी एका माणसाच्या डोक्याचं माप चुकलो! आणि माणूस तरी कोण? खुद्द माझे सासरे!

सासरे कवठे येमाईला असतात. मेंढरं वडिलांच्या काळातच गेली, आता कांदा आणि झेंडू. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामा झोपेत असे घोरायचे की शेजारची कुत्री उठून जायची. शिरूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, यांचा श्वास झोपेत मध्येच अडकतो, हे मशीन लावूनच झोपायचं. मशीनला नळी, नळीला मास्क, आणि मास्क नाकावर धरून ठेवायला डोक्यामागून पट्ट्या.

सगळी अडचण त्या पट्ट्यांची. घट्ट केल्या की कानामागं वळ, सैल केल्या की हवा फुस्सकन डोळ्यांत. मामा वैतागून मास्क काढून ठेवायचे. मग सासूबाई त्यांच्या नाकाशी हात धरून जागत बसायच्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलेलं बघून मला खरंच वाईट वाटलं.

"ड्रायव्हर लोकांच्या कंबरंला आराम देताय," माझी बायको शोभा म्हणाली, "माझ्या बापाच्या डोक्याला द्या की!"

झालं! मला असलं काही मिळालं की जेवण सुचत नाही. पट्टी कानावरूनच का जाते? खालून घेतली तर? डोक्याच्या मागं फुगवटा असतो, त्याच्या खाली रुंद कापडाचा कप बसवला तर घसरेल कशाला? आणि शिवण आतून कुठल्या शहाण्यानं ठेवली? दुकानात स्वतःच्याच डोक्याला पट्ट्या बांधून विचार करत बसलो, तर एक गिऱ्हाईक दारातूनच म्हणालं, "शेठ, कुठं आपटला?"

माप घ्यायला कवठ्याला गेलो. मामा ओसरीवर बसलेले, डोक्याला नेहमीचा लाल पटका. मी खिशातून टेप काढली आणि माझा हात तिथंच थांबला.

आता तुम्हीच सांगा, जावयानं सासऱ्याला पटका काढा म्हणायचं कसं? माणसाच्या डोक्यावरचं उतरवायचं म्हणजे काय चेष्टा आहे का? लग्न झाल्यापासून मी मामांचं डोकं पाहिलेलंच नव्हतं. केस आहेत का टक्कल, तेसुद्धा ठाऊक नाही!

"घ्या की, पाव्हणं. काय अडलं?"

"कुठं काय, मामा! बसा निवांत."

आणि मी पटक्यावरूनच टेप फिरवली. म्हटलं कापडाची जाडी नंतर अंदाजानं वजा करू, फोमची करतोच की. पण कात्री हातात घेतली आणि शंका आली, मामा झोपताना पण पटका बांधत असले तर? विचारायची हिंमत नाही. राहू दिलं माप आहे तसं.

आतून मऊ सुती कापड, शिवण बाहेर, टोकाला वेल्क्रो. असा झकास माल घेऊन दुपारी कवठ्याला पोचलो. मामांनी पटक्यावरून पट्ट्या चढवल्या. काय बसल्या म्हणता! मामा पटक्यासकट खाटेवर आडवे झाले. मान ताठ, मास्क तिरका, कुठूनतरी शिट्टी वाजतेय.

"कसं वाटतंय, मामा?"

"झ्याक!" मास्कमधून आवाज आला.

मग काय, मी हवेत. रोज फोन करायचो, रोज तिकडून "झ्याक!" पेट्रोल पंपापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना सांगून झालं.

एके दिवशी मंचरला निघालो होतो, वाटेत न कळवताच कवठ्याला शिरलो. बघतो तर माझ्या पट्ट्या शेळीच्या गळ्यात! आणि सासूबाई भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगतायत.

"आवो, मामा मशीन लावत न्हाईत व्हय?" मी विचारलं.

सासूबाई दचकून उठल्या. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "पट्टी गळ्यात येऊन पडतीया. कशी लावायची?"

"पटक्यावरून लावा की!"

"झोपताना कोण पटका बांधतंय?"

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी तुम्ही समोर व्हता न्हवं!" त्यांचा बांध फुटला. "घरात त्ये उघड्याच डोक्यानं हिंडत्यात. तुमची गाडी वाजली की पळत जाऊन पटका गुंडाळत्यात!"

"मग सांगायचं न्हाई का मला?"

"जावयाच्या कामाला नावं कशी ठिवायची, पाव्हणं?"

तेवढ्यात आतून मामांची घाईघाईची हाक आली, "बसा, पाव्हणं! आलोच! चहा टाक गं!"

बघा म्हणजे! मी मान राखला, त्यांनी मान राखला, आणि दोघांच्या मानापायी त्या माणसाचा श्वास अडकत होता. लाजेनं चहा तसाच ठेवून मी उठलो.

दुसऱ्या खेपेला शोभानं आत जाऊन माप घेतलं. मला कांद्याच्या चाळीकडं पिटाळलं होतं. नव्या पट्ट्या नेमक्या बसल्या. मामा झोपायला लागले, सासूबाईही झोपायला लागल्या.

पण माझी उत्सुकता! कप मागं कुठं बसतो, कानाला लागतो का, शिवणाऱ्याला बघावंसं वाटणारच ना? परवा दुपारी मामा आत झोपले होते. मी चपला बाहेर काढून, चोरपावलानं दार जरासं लोटलं. दार करकरलं. मामांनी डोळे न उघडताच उशाखालून पटका ओढला, मास्क आणि पट्ट्यांवरून भराभरा गुंडाळला आणि नळीतूनच म्हणाले, "या, पाव्हणं!"

घरी येऊन शोभाला सांगितलं. ती पोट धरून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "पट्ट्या एकदम फिट्ट झाल्यात वो. आता बापाच्या झोपेत अडचण ती एकच ऱ्हायली. तुम्ही जरा कवठ्याला जाणं कमी करा!"