आबांचे ओठ

काल शिलाई मशीनला तेल दिलं आणि त्या वासाने मला डिंडोलीच्या कामगार वस्तीतल्या तालमीच्या खोलीत नेलं. नव्वदच्या दशकात आम्ही तिथे लिहिलेल्या संवादांशिवाय सिनेमा घडवत होतो. बाकी सगळे पाळी संपवून अंगाला तेलाचा वास घेऊन येणारे यंत्रमाग कामगार, अभिनय शिकून आलेला मी एकटा. प्रसंग कारखान्यातला होता. त्यात माझी आई गेल्याचं त्या कामगारांतल्या वयस्कर सुकलालआबांनी मला सांगायचं.

आबा आले, खांद्यावर हात ठेवला आणि नुसते ओठ हलवले. मला सगळं कळलं. डोळे भरून आले.

“आबा, आवाज?” दिग्दर्शकाने विचारलं.

आबा ओशाळले. “माग चालू शेतस ना भाऊ! आवाज कोन ऐकस? तोंड देखनं पडस, ओठ वाचनं पडस.”

खोलीत एकही माग नव्हता.

आवाज कमावण्यात माझी दहा वर्षं गेली होती. प्रसंग पुन्हा सुरू झाला, तेव्हा मीही आबांना नुसत्या ओठांनीच उत्तर दिलं.