बोर्डाच्या पाठीवरचे आकडे

मालेगावहून यूसुफभाईंचा धाकटा भाऊ सकाळच्या मोटारीनं आला, दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "भाईजान गेले, वामनराव." माझ्या हातात औषधाची बाटली होती, ती तशीच धरून मी उभा राहिलो... आज महिना होत आला. आमचे वायरमन यूसुफभाई गेले, हे अजून जिभेवर येत नाही. जाताना भावानं त्यांची लाकडी पेटी माझ्यापाशी ठेवली.

हातमागावर जगणाऱ्या घरातला माणूस, शाळा चौथीपर्यंत. नाशकात वीज नवी होती, निम्मं गाव बटणाला हात लावायला घाबरायचं, तेव्हा यूसुफभाई आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तारा ओढायला आले. मी तिथला कंपाउंडर. पेटीत दोन मीटर, कानावर पेन्सिल. काम झालं की ते विजेचा दाब आणि प्रवाह मोजायचे आणि बटणांचा बोर्ड भिंतीवर बसवण्याआधी त्याच्या पाठीवर लिहायचे. आमच्या विजेच्या शेगडीचं लिहिलं होतं: २२० व्होल्ट, ५ अँपिअर. भागाकार केला, रोध ४४ ओहम. गुणाकार केला, ११०० वॉट. खाली सही. मग तार तापते का पाहायला तिच्यावरच्या लाकडी पट्टीवर तळवा ठेवून म्हणायचे, "गार हाय." मी चिडवायचो, "भिंतीकडच्या बाजूला लिहिता, वाचणार कोण? पाल?" ते नुसते हसायचे.

चौतीस साली त्याच पट्टीतून धूर निघाला. तपासायला आलेले साहेब कडाडले, "हलकी तार घातली यानं. परवाना जमा करा!" परवाना गेला म्हणजे भाकरी गेली, आणि अब्रू त्याच्याही आधी. खरा चोर मात्र मी होतो. शेगडीची कॉइल तुटली तेव्हा निम्मा तुकडा फेकून उरलेली मीच अडकवली होती. म्हटलं, आखूड झाली, वीजही कमी खाईल! दोनदा फ्यूज उडाला, तर त्यात जाड तार कोंबली. शहाणाच ना मी! आणि आता नोकरीच्या भीतीनं मूग गिळून उभा होतो.

यूसुफभाईंनी आवाज चढवला नाही. बोर्ड सोडवून त्याची पाठ साहेबांना दाखवली. मग दुसरी तार जोडून, मीटर लावून शेगडी क्षणभर चालू केली. दाब तोच, २२०. प्रवाह दहा!

"दोनशेवीसला दहानं भागा, साहब. रोध बावीस. गुणा, बावीसशे वॉट. तार मी पाचाच्या हिशेबानं घातली, दहा कशी सोसंल? निम्मा रोध गेला कुठं?"

माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तेच मला सोसेना. "तो मी फेकला," मी बोलून गेलो.

साहेबांनी कागदावर स्वतः भागाकार करून पाहिला, परवाना परत दिला आणि त्या चौथी शिकलेल्या माणसाला 'उस्ताद' म्हणाले हो! माझी छाती अशी फुगली, जसा काही गुन्हा माझा नव्हताच. डॉक्टरांनी मला झाडलं, पण ठेवलं.

बाहेर मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की. पण म्हटलं, वामनराव बोलतील."

एवढा भरवसा माझ्यावर माझ्या बापानंही टाकला नव्हता. अशा माणसाचा दोस्त म्हणवून घ्यायला मिळालं, हा अभिमान मी मरेपर्यंत मिरवणार.

तेव्हापासून नवी कॉइल बसली की मोजायचं मी आणि तपासायचं त्यांनी. परवा पुन्हा कॉइल तुटली. मी अख्खी नवी आणली, त्यांच्या पेटीतले मीटर लावले... पाच, चव्वेचाळीस, अकराशे. बोर्डाच्या पाठीवर, त्यांच्या सहीखाली लिहिलं. तपासायला कुणी नव्हतं. थोडा वेळ शेगडी चालू ठेवली, पट्टीवर तळवा टेकवला आणि मोठ्यानं म्हणालो, "यूसुफभाई, गार हाय."