चूलबंद आवतण

आमच्या आक्काला गावात एकच काम होतं, आवतणं द्यायचं. काम काही अवघड नव्हतं. उन्हातान्हात दारोदार फिरायचा बाकीच्यांना कंटाळा, म्हणून ते तिच्याकडे आलं होतं. बारसं असो, लग्न असो, कार्याच्या घराने तिच्या हातात कुंकवाचा करंडा आणि साखरेची वाटी द्यायची की निघाली आमची आक्का. गाव तिला तोंडावर खुळी म्हणायचं. पण करंडा हातात असेल त्या दिवशी त्याच गावाला तिला दारात उभं करून चालायचं नाही, पाट द्यावा लागायचा. तेवढ्यासाठी ती वर्षभर कोणाकडे लग्न निघतंय याची वाट बघायची.

आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिचं डोकं लहानपणापासून सावकाश चालायचं. पहिलीतून ती पुढे सरकली नाही आणि लग्नाचा विषय घरात कोणी काढलाच नाही. पण चूलबंद आवतण म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आमच्या मुळशीकडे घरटी एकाला बोलवायचं तर नुसतं आवतण. चूलबंद म्हटलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून रांगत्या पोरापर्यंत सगळ्यांनी कार्याच्या घरी जेवायचं. आता सगळे म्हणजे सगळे. बाकीच्या बाया उंबऱ्यातूनच ओरडून पुढे जायच्या. आक्का आत शिरायची, माळ्यावर डोकवायची, परसात जायची. बाईमाणसाला कुंकू, बाप्याला गंध, असं प्रत्येकाला लावल्याशिवाय ती हलायची नाही.

म्हणून कोणत्या घरात कोणाला लपवून ठेवलंय, हे तिला माहीत होतं. वरच्या आळीत एका घराने धाकट्या दिराला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं. तिशीचा बाप्या, बोलणं अडखळत, लाळ गळायची. आक्का गंध लावायला गेली की त्याची वहिनी म्हणायची, "त्याला कशाला गं लावतीस?"

"चूलबंद हाय. त्यो बी येनार," आक्का म्हणायची.

तो कधीच आला नाही. घरचे सगळे जेवून यायचे आणि त्याच्यासाठी केळीच्या पानात काहीबाही बांधून न्यायचे. दर वेळी आक्का पंगतीतून त्याला शोधत फिरायची आणि दर वेळी हिरमुसून घरी यायची.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. पिरंगुटला कारखान्यांच्या शेडा उभ्या राहायला लागल्या होत्या, मी गावातल्या बालवाडीत शिकवत होते. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेची जीप गावात यायला लागली. मतिमंदांचा अभ्यास करायचा होता त्यांना. जीपमधून एक तरुण बाई उतरायच्या आणि घरोघरी विचारायच्या, तुमच्याकडे असं कोणी आहे का? सगळीकडून एकच उत्तर, "आमच्यात न्हाई बा तसलं कोन." तसलं! घरातल्या माणसाला हा शब्द.

शेवटी बाई आमच्याकडे आल्या. आई आक्काबद्दल सांगायला लागली, तर त्यांनी आईला थांबवलं आणि आक्कालाच विचारलं, "आक्का, तुम्ही सांगा." तिला तुम्ही म्हणणारं माणूस त्याआधी जन्माला आलं नव्हतं. आक्का इतकी लाजली की तिने पदरात तोंड लपवलं. मग म्हणाली, "चला, दावते."

दुसऱ्या दिवसापासून दोघी बरोबर फिरायला लागल्या, आक्का आमच्या घरचा करंडा आणि साखर घेऊन. मीही शाळा सुटली की मागोमाग जायची. आक्का बरोबर असली की दारं उघडत होती. तिला परसात जायची सवय आणि लोकांना तिला जाऊ द्यायची. बौद्धवाडीत गाव तिला कधी आवतण घेऊन पाठवत नसे. तिथे ती पहिल्यांदाच गेली. एका घरी कुंकू नको म्हणाले, तर तिने त्यांच्या मुलीच्या हातावर साखर ठेवली. ती मुलगी आक्काचा हात सोडेना.

बाईंचे प्रश्न ठरलेले असायचे. कपडे स्वतः घालतो का, फीट येते का, आणि तेही घरच्यांना विचारायचे. गोठ्याशेजारच्या खोलीत बाई वहिनीला असं विचारत होत्या, तेव्हा आक्का खाली त्या दिराशेजारी जाऊन बसली. म्हणाली, "तुला आवतान येतं का रं?"

तो म्हणाला, "तू देतीस."

"मग येत का न्हाईस?"

"दार लावत्यात."

वहिनीचं तोंड उतरलं. बाई लिहायच्या थांबल्या. त्यानंतर प्रत्येक घरात पहिला प्रश्न आक्काचा, आणि तोही त्याच माणसाला विचारायचा, असं बाईंनी ठरवून टाकलं. परदेशात अशा माणसांनाही अभ्यासात बरोबरीने घेतात, आपल्याकडेच कोणी घेत नाही, असं त्या मला म्हणाल्या. आणि आक्काचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही माझ्या भागीदार. पुण्यात मोठी सभा होईल. हे सगळं तिथे आपण दोघींनी मिळून सांगायचं."

बाई खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही. त्या वेळी त्यांना तसंच वाटत असेल. पण बोलून मोकळं होणारी माणसं खोटं बोलणाऱ्यांपेक्षा जास्त त्रास देतात, कारण त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

झालं, आक्काने ध्यास घेतला. सभेत काय बोलायचं ते ती भाकरी थापताना पुटपुटायची. "हितली मानसं म्हनत्यात, आमाला बोलवा." एवढंच तिचं भाषण होतं. पुढे जीप यायची बंद झाली. पावसाळा गेला, दिवाळी झाली, बाईंचा पत्ता नाही. मग एक दिवस ग्रामसेवकाकडून कळलं की येत्या रविवारी पुण्यात ती सभा आहे. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. मी चिडून घरी आले आणि आक्काला म्हणाले, "बघ, तुला साधं बोलावणंसुद्धा नाही!"

आक्का हसायलाच लागली. "येडी का काय तू? घरच्याला कुटं आवतान आस्तं? घरच्यांनी द्यायचं आस्तं."

आणि मी काही बोलायच्या आत कोनाड्यातला करंडा घेऊन ती बाहेर पडली. ज्या ज्या घरात त्या दोघी गेल्या होत्या, त्या सगळ्या घरांत जाऊन तिने पुण्याच्या सभेचं चूलबंद आवतण दिलं.

कोणी येणार नाही असं मी धरून चालले होते. रविवारी सकाळी फाट्यावर बघते तर सात-आठ जण उभे. गोठ्याशेजारचा दीर होता, डोक्याला तेल चोपडलेला. साखरेवाली मुलगी नव्या परकरात आईबरोबर आली होती. पुण्याला सरकारी सभा, काहीतरी मिळेल, म्हणून धाडलं होतं सगळ्यांना. समोरच्या मांडवात ज्यांना कधी बसू दिलं नाही, त्यांना काही मिळेल म्हटल्यावर पुण्याला पाठवायला हे तयार! आक्काला त्याचं काही नव्हतं. एष्टीत ती एकेकाला हाताला धरून बसवत होती. तिचे पाहुणे आले होते.

सभागृहाच्या दारात दोन मुली गुलाबाची फुलं देत उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला निमंत्रणपत्रिका विचारली. आक्का म्हणाली, "आमी घरचीच." मुली एकमेकींकडे बघून हसल्या, एकेक फूल हातात दिलं आणि आम्हाला बाजूच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसवलं. साहेबांना विचारून येतो म्हणाल्या, त्या परत आल्या नाहीत.

व्हरांड्यात एक कर्णा टांगलेला होता. आतलं सगळं ऐकू येत होतं. संस्थेचे मोठे साहेब बोलत होते. ते म्हणाले, "मुळशीच्या खेड्यांत आम्ही या व्यक्तींना एक अगदी नवा प्रश्न विचारला. समारंभांचे निमंत्रण तुम्हाला मिळते का?" मग त्या दिराचं उत्तरही सांगितलं, दार लावतात म्हणून. आत टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्याचं उत्तर होतं तो सतरंजीवर बसून गुलाबाच्या पाकळ्या तोडत होता.

"माझा सवाल हाय त्यो," आक्का मला म्हणाली. रागाने नाही, आनंदाने. आता आपल्याला आत बोलावणार, असं तिला वाटलं असणार. ती उठून पदर सारखा करून उभी राहिली.

बाहेर आल्या त्या बाई. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा पडला. "अगं आक्का, तू एवढ्यांना घेऊन कशाला आलीस? आत सगळे पाहुणे आहेत गं."

"मंग ही कोन हायेत?" आक्काने विचारलं.

बाईंचे डोळे भरून आले होते, पण भरल्या डोळ्यांनी त्या पुन्हा आतच गेल्या. थोड्या वेळाने चिवड्याच्या बशा बाहेर आल्या. एक बशी कमीच पडली. आक्काने आपली दिराला दिली. पाहुणे जेवल्याशिवाय घरचं माणूस जेवत नाही. तो खाता खाता म्हणाला, "आक्के, कार्य कुटं हाय?"

"आत हाय," ती म्हणाली.

गावात परतल्यावर घराघरांतून शिव्या खाव्या लागल्या. काही मिळालं नाही, वर माणसं बाहेर बसवून ठेवली. संस्थेला कोणी शिव्या दिल्या नाहीत, ती लांब होती. आक्का जवळ होती. त्या माघात वरच्या आळीतलं लग्न निघालं आणि करंडा दुसरीच्या हातात गेला. "खुळीच्या आवतनाला कोन येतंय आता?" असं म्हणाले. तेव्हापासून आक्काला कोणी पाट दिला नाही, आणि माळ्यावर, परसात जाऊन गंध लावणारंही कोणी राहिलं नाही.

पुढे माझं लग्न ठरलं. आवतणं आक्कानेच द्यायची म्हणून मी घरात भांडले. वडील म्हणाले, "मानसं यायला पायजेत का नको?" चुलतवहिनी करंडा घेऊन गावभर फिरून आली.

हळदीच्या आदल्या दिवशी आक्का उंबऱ्यापाशी बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "मला न्हाई दिलंस व्हय आवतान?"

मला हसू आलं. "अगं, तू घरची ना! तुला कशाला आवतण?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुन्यात बी मी घरचीच हुते."

मी आत जाऊन करंडा आणला. उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले, पाहुण्यासारखी आत आले आणि तिला कुंकू लावलं. म्हटलं, "आक्का, उद्या चूलबंद आवतण आहे."

तिने माझं मनगट धरलं. "दार लावनार न्हाईत न्हवं?"