पाखऱ्याच्या सात खोडी

तातेराव खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष आहे. शेजारीण म्हणून बावीस वर्षं मी तो सहन केला. मी आष्टीच्या शाळेत बाई होते. पोरांच्या प्रगतिपुस्तकात ‘प्रयत्न चांगला’ असं लिहून वेळ मारून न्यायची मला सवय. तातेरावांना ते जमत नाही. मी नवी साडी नेसून ओट्यावर आले की म्हणणार, “बाई, पहिल्या धुण्यात रंग जाईल हिचा.” आणि जायचाही, मेला!

ही खोड त्यांना बाजारात लागली. चाळीस वर्षं ते गुरांच्या बाजारात हेडी होते. म्हणजे बैल विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये उभं राहून सौदा जुळवून देणारे. बाकीचे हेडी शिंगांना तेल चोळून म्हाताऱ्या बैलाला तरणा करायचे. तातेराव आधी खोड सांगायचे. “चढाला थांबतो. छत्री दिसली की बुजतो. घ्यायचा तं घ्या.” खोड आधी, भाव नंतर. विकणारे त्यांच्यावर दातओठ खायचे आणि घेणारे त्यांना गर्दीत शोधत यायचे.

मग ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि तातेराव घरी बसले. शेवटच्या वर्षी एकदा बाजारातून परतले तेव्हा पिशवीतून एक पिल्लू डोकावत होतं. पांढऱ्यावर काळे ठिपके, एक कान पडलेला. लोक कुत्र्याला मोती म्हणतात, टायगर म्हणतात. ह्यांनी बैलाचं नाव ठेवलं, पाखऱ्या. बेबीनंदा, म्हणजे तातेरावांची बायको, तेव्हा होती. “औताला जुंपता का आता ह्याला?” असं म्हणून ती हसली आणि वाटीत दूध ओतलं. ती जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून भिंतीपलीकडून मला एकट्या तातेरावांचं बोलणं ऐकू यायचं. भाव काय चाललेत, भाजीत मीठ जास्त झालं का, सगळं पाखऱ्याला विचारून.

गेल्या दिवाळीनंतर तातेराव न्हाणीत पडले आणि खुबा मोडला. त्यांची मुलगी अक्षता जालन्याला दवाखान्यात नर्स आहे. तिनं ऑपरेशन करून घेतलं, महिनाभर सुट्टी काढून इथं राहिली आणि मग स्पष्ट सांगितलं, “दादा, आता तुम्ही एकटे राहायचं न्हाई.” तिची भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. जनावर ठेवायचं नाही, ही घरमालकाची अट. पोरगी हे सांगताना रडली. तातेराव तिला म्हणाले, “रडू नको, काही तरी करू.”

गावात सल्ला देणाऱ्यांची कमी नसते. “द्या सोडून. गाव पोसतंय की.”

तातेराव भडकले. “मालक पाहिल्याबिगर एक जनावर हातातून जाऊ दिलं न्हाई मी आजवर. ह्यालाच काहून सोडू?”

शेवटी मीच मोबाइलवर शोधाशोध केली. जालन्याच्या बाहेर कुत्र्यांसाठी एक निवारा होता. दोन पत्र्याची शेडं, चार लिंबाची झाडं आणि दैवशाला नावाची एक चटपटीत मुलगी. घर मिळेपर्यंत ती कुत्रं ठेवून घ्यायची, पण जागा कमी म्हणून दोन महिन्यांची मुदत. तोवर कुणी नेलं नाही, तर आपलं कुत्रं आपण परत न्यायचं. परत न्यायचं कुठं, ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाखऱ्याला घेऊन आम्ही तिथं गेलो. फॉर्म भरायला मी बसले, कारण माझं अक्षर चांगलं. ‘स्वभाव’ असा रकाना आला. मी ‘प्रेमळ व आज्ञाधारक’ लिहायला घेतलं.

“बाई, थांबा. खोडी लिहा.”

“अहो तातेराव, हा बैल नाही!”

“जनावरच हाये ना? लिहा. चप्पल नेतो, पण जोडातली एकच. ट्रॅक्टरमागं धावतो. फटाके वाजले की दोन दिवस जेवत न्हाई. पोळी वाळली आसंल तं तोंड फिरवतो. टोपीवाल्या माणसावर भुंकतो. आंघोळ घातली की लगेच मातीत लोळतो. अन् एकटा झोपत न्हाई. माणूस लागतो त्याला जवळ.”

सात खोडी झाल्या. “आता गुण सांगा,” मी म्हणाले. तातेरावांनी बराच विचार केला. “गुण घेणाऱ्याला दिसतेत की बराबर. ते काय सांगायचे?”

दैवशालानं हसत हसत ती यादी जशीच्या तशी मोबाइलवर त्याच्या फोटोखाली टाकली, खाली नाव लिहिलं: तातेराव, आष्टी. आम्ही निघालो तेव्हा पाखऱ्या जाळीला नाक लावून उभा होता. तातेरावांनी मागं पाहिलं नाही. गाडीत मात्र त्यांनी माझ्याकडं एकदाही तोंड केलं नाही.

पुढं काय होणार ते मला दिसतच होतं. लोक यायचे, यादी वाचायचे, हसायचे आणि शेजारचं गुबगुबीत पिल्लू उचलून न्यायचे. सहा आठवडे झाले. तातेराव जालन्याला लेकीकडं गेले होते. अक्षता फोनवर मला सांगायची, “बाई, दादा अर्धी भाकर खातेत. रात्री उठून खाटेखाली हात घालतेत.” मला इतका राग आला, की एका रविवारी एस.टी. पकडून मी तिथं गेले आणि म्हाताऱ्या माणसाला सातवीतल्या पोरासारखं झापलं. “तुमच्या खरेपणापायी त्या मुक्या जिवाचं वाटोळं होईल! त्या पोरीला सांगा, ती यादी काढून टाक.”

ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, “बाई, खोड लपवली तं घेणारा चार दिवसांत हाकलून देईल त्याला. मंग तो कुठं जाईल?”

राग मी तसाच घेऊन घरी आले.

मुदत संपायला पाच दिवस होते आणि दैवशालाचा फोन आला. हसनाबादकडचे रामप्रसाद नावाचे शेतकरी. त्यांच्या मुलीला, आकांक्षाला, कुत्रा हवा होता. तिनं मोबाइलवर यादी वाचून दाखवली, तसे ते जेवता जेवता उठले. दैवशालाला त्यांनी फोनवर एकच विचारलं, “हे बैलवाले तातेराव का?”

आम्ही सगळे निवाऱ्यात जमलो. रामप्रसाद तातेरावांच्या पाया पडले. “भाऊ, वळखलं का? पंधरा वर्षांमागं तुमच्या हातून बैल नेल्ता मी. तुम्ही म्हणाले, नाल्यातल्या पाण्यात पाय टाकत न्हाई. अकरा वर्षं राह्यला माझ्याकडं. बिलकुल टाकला न्हाई कधी! पण दुसरी खोड शोधून सापडली न्हाई. ह्याच्या सात हायेत ना? मंग आठवी नसणार. चला, द्या.”

पाखऱ्या तातेरावांच्या अंगावर चढून त्यांचं तोंड चाटत होता, आणि रामप्रसादांच्या डोक्यावरच्या टोपीकडं बघून मधूनमधून भुंकतही होता. रामप्रसादांनी टोपी काढून खिशात घातली. आकांक्षा पाखऱ्याच्या पडलेल्या कानाशी काहीतरी बोलत बसली. मला तो माणूस तिथंच आवडला.

मग द्यायची वेळ आली. आमच्याकडं जनावर देतात, पण दावं देत नाहीत. दाव्यासोबत घरची बरकत जाते, ते घरात राहिलं तर त्या खुंट्याला दुसरं जनावर येतं. म्हणून घेणारा आपलं दावं घेऊन येतो. रामप्रसादांनीही कोरं दावं आणलं होतं. पाखऱ्याच्या गळ्यातलं दावं तातेरावांनी स्वतः वळलेलं, बेबीनंदाच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचं. रामप्रसाद सवयीनं गाठ सोडायला वाकले.

तातेरावांनी त्यांचा हात धरला. “राहू द्या. ह्याच्यासंगटच न्या.”

“भाऊ, दावं देऊन राह्यले तुम्ही?” रामप्रसाद चपापले. “तुम्ही तं आम्हाला शिकवलं, दावं देऊ नये म्हणून.”

“ते पुढचं जनावर येण्यासाठी,” तातेराव म्हणाले. “आता मह्याकडं कोण यायचंय? त्याला रात्री ह्याचा वास लागतो. घेऊन जावा.”

मी शिकवलेल्या हजार पोरांसमोर कधी रडले नाही, ती मी तिथं पत्र्याला टेकून रडले. तातेरावांनी पाखऱ्याला गाडीत चढवलं, दाव्याचं टोक आकांक्षाच्या मुठीत दिलं आणि तिची बोटं आपल्या हातानं मिटवली.