छत रंगवणाऱ्याची मान

त्याला सगळे उंट म्हणायचे, आणि त्याला त्याचा रागही यायचा नाही. एकतीस वर्षं माणूस मान वर करून छतं रंगवतोय म्हटल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? भिंत काय हो, कोणीही रंगवतं. छत रंगवावं ते उंटानेच. एक ओघळ नाही, दोन पट्ट्यांमधला सांधा दिसेल तर शपथ. "वर कोणी बघतच नाही, म्हणजे काम फक्कड झालं," असं म्हणून तो स्वतःवरच खूश व्हायचा.

भिंती बायकोकडे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिने ब्रश हातात घेतला तो घेतलाच.

मागच्या वर्षी त्याच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग हातातून ब्रशच सुटायला लागला. सुटला की हा गडी म्हणायचा, "दांडा तेलकट आहे." दर वेळी दांडाच कसा तेलकट, हे विचारायची सोय नव्हती. बायकोने विचारलंही नाही. ती घरातून तासभर आधी निघायला लागली. तो पोचायचा तेव्हा छत अर्धं झालेलं असायचं. तिने चकार शब्द काढला नाही, आणि यानेही बघून न बघितल्यासारखं केलं. सात महिने! लबाड कुठला.

शेवटी एकदा मानेतून बोटांपर्यंत अशी कळ गेली की शिडीवरच डोळ्यांपुढे काजवे चमकले. इस्पितळात तपासणी केली तेव्हा निघालं, पाचव्या नि सहाव्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर आलीय. तिथल्या डॉक्टरीणबाई अशा माना हलताना आतून कशा दिसतात याचा अभ्यास करत होत्या. त्यांनी बोलावलं, हा गेला. याला एकच गोष्ट हवी होती. छत परत मिळणार की नाही, तेवढं सांगा.

खुर्चीत बसून मान हळूहळू वर न्यायची, हळूहळू खाली आणायची. शेजारी एक्स-रेचं यंत्र गुणगुणत होतं. मग बायकोलाही आत बोलावून बाईंनी दोघांना पडद्यावर ती हलती मान दाखवली.

"आई गं! हा मी?"

सात हाडं एकावर एक, आणि वर डोकं. त्याला आजवर वाटायचं, मान म्हणजे दाराची बिजागरी. पण इथे प्रत्येक मणक्याची तऱ्हा निराळी. एक निघाला, दुसरा थांबला, तिसरा तर चक्क जरासा उलटा झुकला आणि मग वळला.

"हा उलटा का चाललाय? बिघडलाय?"

"नाही काका. धडधाकट मानेतही असं होतं. डोकं वर जात असतं, पण वाटेत एखादा मणका थोडा माघारी येतो. सगळे मिळून डोकं नेतात."

उंटाने तोंडात बोटं घातली. एकतीस वर्षं रोज ही कसरत आपल्या कॉलरच्या आत चालली होती, आणि आपल्याला पत्ता नाही! त्याचे डोळे भरून आले. "पुन्हा लावा ना," असं म्हणत त्याने चार वेळा बघितलं.

चौथ्यांदा त्याला वेगळंच दिसलं. "हे दोघं गप्प का?"

"तीच दुखरी जागा. ते जेमतेम हलतात."

"पण मान तर वर गेली!"

"त्यांच्या वरचा बघा. त्यांचं काम तो ओढतोय. म्हणून बाहेरून कळत नाही."

"मग तो दुखत नाही?"

"अजून नाही. पण जास्तीचं काम किती दिवस ओढेल? उद्या तोही कुरकुरू शकतो."

उंटाने बायकोकडे बघितलं. ती पडदाच बघत होती, आणि तिचा हात स्वतःच्या मानेवर फिरत होता.

"काका, बातमी चांगली आहे," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन इतक्यात नको. व्यायाम मनापासून केलात तर सहा महिन्यांनी थोडं थोडं छत करता येईल."

याच्यासाठीच तर तो आला होता. पण तो म्हणाला, "डॉक्टर, हिची मान बघता का?"

"अहो, मला काय धाड भरलीय?" बायकोने हात झटकन खाली घेतला.

"तू गप्प बस त्या खुर्चीत."

"आधी नुसती हाताने तपासते," म्हणत बाईंनी त्याला बाहेर काढलं. दार पुरतं लागलं नव्हतं.

"दुखतं हो," आतून बायकोचा आवाज आला. "चार महिने झाले. ह्यांना सांगू नका."

तो तिथेच भिंतीला टेकला. तेवढ्यात ठेकेदाराचा फोन वाजला. "उंटा, नवी इमारत आलीय, चाळीस छतं! तुझ्यासाठीच ठेवलीत. कधी येतोस?"

"भिंती आहेत का?" उंटाने विचारलं.

"भिंती? आणि तू?"

"आम्ही दोघं भिंती करू. छताला दुसरा माणूस बघा."